पहिली आयात: सीएचए नेमका कशासाठी, आणि सही कोणाची

वाचकाचं पत्र:

भोसरी एमआयडीसीत आमचं हायड्रॉलिक पॉवर पॅक बनवण्याचं छोटं युनिट आहे. गिअर पंप, व्हॉल्व्ह, ऑइल सील, प्रेशर गेज, बोल्ट हे सगळं आजवर पुण्यातल्याच व्यापाऱ्याकडून घ्यायचो. आता पहिल्यांदा दक्षिण कोरियातून थेट मागवतोय, एफओबी बुसान (बुसानला जहाजावर चढवेपर्यंतचा खर्च पुरवठादाराचा, पुढचा आमचा), एलसीएलने (इतरांच्या मालासोबत एकाच कंटेनरमधून) न्हावा शेव्याला. माल अजून निघालेला नाही. फॉरवर्डर (मालवाहतूक ठरवून देणारा) म्हणतो, ‘क्लीअरिंग (सीमाशुल्कातून माल सोडवणं) आमच्याकडेच द्या, एकरकमी सांगतो.’ शेजारच्या गाळ्यातले म्हणतात, स्वतःचा सीएचए, म्हणजे सीमाशुल्काचं काम करणारा एजंट, ठेवा. पुरवठादार म्हणतो, ‘इनव्हॉइसवर सगळं मशीन पार्ट्स म्हणून लिहितो आणि किंमत थोडी कमी दाखवतो, तुमची ड्युटी वाचेल.’ सीएचए नेमकं काय करतो? हे काम मी स्वतः करू शकते का? काही चुकलं तर जबाबदारी कोणाची? पुढच्या वर्षी दुबईला पॉवर पॅक पाठवायचाही विचार आहे.
– एक उद्योजिका, भोसरी

उत्तर:

ताई, आधी घाईचं. पुरवठादाराला आजच लेखी कळवा की ‘मशीन पार्ट्स’ असं इनव्हॉइस चालणार नाही आणि किंमत खरी तीच हवी. माल निघालेला नसल्यामुळे ही दुरुस्ती आज एका मेलवर होते. जहाज सुटल्यावर तीच दुरुस्ती म्हणजे बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीची मालपावती), मॅनिफेस्ट (जहाजावरच्या मालाची यादी) आणि इनव्हॉइस यांची एकमेकांशी जुळवाजुळव, आणि ती होईपर्यंत माल सीएफएसमध्ये (बंदराजवळच्या कंटेनर गोदामात) पडून राहणार आणि भाडं तुम्ही भरणार.

आता जबाबदारीचं, कारण बाकी सगळे निर्णय त्यावर ठरतात. २०११ पासून आपल्याकडे आयातदारानं स्वतःच ड्युटी ठरवायची पद्धत आहे. सीमाशुल्क कायदा १९६२ चं कलम १७ तेच सांगतं. मालाचं वर्गीकरण, किंमत, लागू सवलत हे सगळं जाहीर करणारे तुम्ही. सीएचए, म्हणजे आजच्या कायद्यातला कस्टम्स ब्रोकर, तुमच्या वतीनं ते दाखल करतो. कलम १४७ प्रमाणे त्यानं केलेलं काम तुमच्या माहितीनं आणि संमतीनं केलं असं धरलं जातं. कमी भरलेली ड्युटी त्याच्या जाणूनबुजून केलेल्या कृत्यामुळे, निष्काळजीपणामुळे किंवा कसुरीमुळे नसेल, तर वसुली आधी तुमच्याकडूनच होते. तेव्हा ‘सगळं आमच्यावर सोडा’ असं म्हणणाऱ्यापेक्षा तुम्हाला दहा प्रश्न विचारणारा ब्रोकर जास्त कामाचा.

त्याचं काम समजून घ्यायला त्याच्यावर असलेली बंधनं पाहा. त्याला कलम १४६ खाली परवाना मिळतो आणि २०१८ च्या परवाना नियमावलीत त्याची कर्तव्यं लिहिलेली आहेत. तुमच्याकडून अधिकारपत्र घ्यायचं. आयईसी (आयात-निर्यात क्रमांक), जीएसटी क्रमांक, तुमची ओळख आणि तुम्ही त्या पत्त्यावर खरोखर आहात का, हे तपासायचं. कायदा पाळायचा सल्ला द्यायचा, आणि तुम्ही ऐकलं नाही तर ते सीमाशुल्क अधिकाऱ्याला कळवायचं. कागद पाच वर्षं जपायचे. म्हणून केवायसीसाठी तो पॅन, वीजबिल, भाडेकरार मागू लागला तर वैतागू नका. जो काहीच मागत नाही, त्याच्यापासून सावध राहा.

प्रत्यक्षात तो इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंग, कॅटलॉग वाचून प्रत्येक वस्तूचं वर्गीकरण सुचवतो, बिल ऑफ एंट्री (आयातीचं घोषणापत्र) तयार करतो, कागद ई-संचित या ऑनलाइन सुविधेवर चढवतो, आइसगेट या सीमाशुल्काच्या पोर्टलवरून दाखल करतो, अधिकाऱ्याच्या क्वेरीला उत्तर देतो, तपासणीला माणूस उभा करतो, आउट ऑफ चार्ज (माल सोडण्याचा आदेश) घेतो आणि माल गाडीत चढवून देतो. यातलं चांगल्या आणि सुमार ब्रोकरमधलं अंतर पहिल्या पायरीवरच दिसतं, म्हणून तिथे जरा थांबते.

तुमच्याच मालाचं घेऊ. गिअर पंप सीमाशुल्क दरसूचीतल्या ८४१३ या शीर्षात (चार आकडी गटात) जातो, त्याचे खास सुटे भाग ८४१३ ९१ मध्ये. हायड्रॉलिक व्हॉल्व्ह ८४८१ २०. प्रेशर गेज मात्र ९०व्या प्रकरणात, ९०२६ २० ला. बेअरिंग असेल तर ८४८२, मग ती कुठल्याही पंपात बसणार असो. साध्या रबराची ओ-रिंग पंपासाठीच बनवलेली असली तरी पंपाचा भाग धरली जात नाही. दरसूचीतल्या यंत्रांच्या सोळाव्या विभागाच्या टीपांनी ती बाहेर काढून ४०१६ ९३ ला पाठवली आहे. लोखंडी बोल्टही असेच बाहेर, ७३१८ ला. मेकॅनिकल सील ८४८४ ला. आणि धातूची रिंग व रबर एकत्र असलेल्या ऑइल सीलवर तर रचना पाहिल्याशिवाय बोलूच नये. म्हणजे ‘मशीन पार्ट्स’ या दोन शब्दांखाली निदान पाच-सहा वेगळी शीर्षं दडलेली आहेत. प्रत्येकाचा दर वेगळा असू शकतो आणि अटीही. बोल्ट, स्टील अशा काही वस्तूंसाठी सरकारनं गुणवत्ता नियंत्रण आदेश काढलेले आहेत. तो तुमच्या वस्तूला लागू असेल तर परदेशी कारखान्याकडे बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) परवाना नसताना माल सुटत नाही. या याद्या आणि मुदती वारंवार बदलतात. ऑर्डर देण्याआधी त्या दिवशीची स्थिती ब्रोकरकडून लेखी घ्या.

त्यामुळे पुरवठादाराकडून ओळीवार इनव्हॉइस मागा: वस्तूचं नाव, पार्ट नंबर, कशापासून बनलेली, कशासाठी वापर, नग, दर, रक्कम, मूळ देश. पॅकिंग लिस्टमध्ये कुठल्या खोक्यात काय आणि निव्वळ वजन. खोक्यावर तोच पार्ट नंबर चिकटवलेला हवा. तपासणीला खोका उघडल्यावर अधिकारी कागदावरचं नाव आणि हातातली वस्तू जुळवून पाहतो. पार्ट नंबर जुळला की काम तिथेच संपतं, नाहीतर कॅटलॉग मागवण्यात दोन दिवस जातात. लाकडी पॅलेट असेल तर त्यावर आयएसपीएम-१५ चा (लाकूड कीडमुक्त केल्याचा) शिक्का आहे ना, याचा फोटो निघण्याआधी मागवा. शिक्का नसलेल्या लाकडापायी उत्तम कागद असलेला माल वनस्पती संगरोध खात्याकडे अडकतो.

किंमत कमी दाखवण्याबद्दल स्पष्टच सांगते: हे करू नका. सीमाशुल्काकडे देशभरच्या आयातींच्या किमतींची माहिती असते. तुमची किंमत त्यात खटकली की मूल्यांकन नियमांतला नियम १२ लावून पुरावे मागतात. खोटी घोषणा ठरली तर माल जप्तीस पात्र, कलम ११४अ खाली बुडवलेल्या ड्युटीएवढा दंड, आणि खोटे कागद वापरल्याबद्दल कलम ११४अअ खाली मालाच्या किमतीच्या पाचपटीपर्यंत. मागे जाऊन वसुलीची साधी मुदत दोन वर्षं, फसवणूक असेल तर पाच. शिवाय बँकेकडून पाठवलेले पैसे आणि बिल ऑफ एंट्री रिझर्व्ह बँकेच्या आयडीपीएमएस प्रणालीत जुळवले जातात. कागदावर कमी दाखवलेली उरलेली रक्कम तुम्ही कोरियाला कशी पोचवणार? ज्या वाटेनं पोचवाल ती फेमाच्या, म्हणजे परकीय चलन कायद्याच्या, कचाट्यातली. आणि ड्युटीतला मोठा हिस्सा आयजीएसटीचा (आयातीवरच्या जीएसटीचा) असतो. नियमित नोंदणीकृत कारखान्याला त्याचं क्रेडिट मिळतं. म्हणजे जिथे खरी बचत फारच थोडी, तिथे एवढा धोका.

आकड्यांत पाहा. समजा एफओबी किंमत ८,००,००० रुपये, खरं समुद्रभाडं ६०,००० आणि विमा ३,०००. करपात्र किंमत ८,६३,०००. मूळ सीमाशुल्क ७.५ टक्के धरलं तर ६४,७२५. त्यावर १० टक्के सामाजिक कल्याण अधिभार, सुमारे ६,४७३. या सगळ्यावर १८ टक्के आयजीएसटी, सुमारे १,६८,१५६. एकूण जवळपास २,३९,३५३, त्यातले तुमच्या खिशातून खरे जाणारे ७१,१९८, बाकीचं क्रेडिट. आता भाड्याचा आणि विम्याचा कागदच दिला नाही, तर नियमाप्रमाणे भाडं एफओबीच्या २० टक्के, म्हणजे १,६०,०००, आणि विमा १.१२५ टक्के, म्हणजे ९,००० धरला जातो. करपात्र किंमत ९,६९,००० होते आणि २९,३९९ रुपये जादा भरावे लागतात (त्यातल्या आयजीएसटीचं क्रेडिट मिळतं, बाकीचे खिशातून जातात), केवळ फॉरवर्डरचं भाड्याचं बिल वेळेत जोडलं नाही म्हणून. कायदेशीर बचत इथे आहे.

दुसरी मोठी कायदेशीर बचत भारत-कोरिया व्यापार कराराची. २०१० पासून तो लागू आहे. तुमच्या वस्तूला त्यात सवलत असेल आणि मूळ देशाचा दाखला बरोबर असेल, तर मूळ सीमाशुल्क कमी होतं, कधी शून्यही. वरच्या उदाहरणात ते शून्य झालं तर खिशातून जाणारे तेच ७१ हजार वाचतील. पण दाखला हातात आला म्हणजे काम झालं असं नाही. २०२० च्या मूळ-देश नियमांनुसार माल तिथे खरोखर कसा आणि किती बनला याची माहिती आयातदाराकडे आयातीआधीच असायला हवी, फॉर्म १ मध्ये भरलेली, आणि पाच वर्षं जपलेली. बुसानच्या व्यापाऱ्यानं तिसऱ्या देशातून आणलेली बेअरिंग खोक्यात टाकली असेल, तर त्या ओळीला सवलत मागू नका. दाखल्यावरचे सहा आकडी एचएस क्रमांक तुमच्या बिल ऑफ एंट्रीशी जुळतात का, हे मसुद्यावरच तपासा. मूळ दाखला निघाल्यावर बदल करून घेणं फार जिकिरीचं होतं.

आता स्वतः करण्याबद्दल. कायद्यानं आडकाठी नाही. आइसगेटवर नोंदणी आणि वर्ग ३ ची डिजिटल सही असली की आयातदार स्वतः बिल ऑफ एंट्री दाखल करू शकतो. पण तपासणीला, गेटपासला, डीओसाठी (माल ताब्यात देण्याच्या आदेशासाठी) माणूस न्हावा शेव्याला उभा राहायला लागतो आणि भोसरीत बसून ते होत नाही. दर आठवड्याला तोच माल येत असेल तर पुढे विचार करा. पहिल्या खेपेला ब्रोकर घ्याच, मात्र आइसगेटची नोंदणी स्वतःची, स्वतःच्या मोबाइल आणि ई-मेलवर करून ठेवा. बिल ऑफ एंट्रीची स्थिती स्वतः बघा आणि ड्युटी थेट आपल्या बँकेतून भरा. ब्रोकरच्या खात्यात ड्युटी जमा करण्याची सवय लावून घेऊ नका. ती वेळेत भरली नाही तर १५ टक्के व्याज तुमच्या नावावर चढतं.

दाखल करण्याआधी ब्रोकर ‘चेकलिस्ट’ पाठवतो, म्हणजे बिल ऑफ एंट्रीचा मसुदा. बरेच जण फोनवरच ‘ओके’ म्हणून मोकळे होतात. तसं करू नका. इनव्हॉइस शेजारी ठेवून ओळ अन् ओळ वाचा: आयईसी आणि जीएसटी क्रमांक (तो चुकला तर क्रेडिट जीएसटीआर-२बी या जीएसटी पोर्टलवरच्या यादीत येतच नाही), इनव्हॉइस क्रमांक आणि तारीख, चलन, एफओबी की सीआयएफ (भाडं-विमा धरून किंमत), भाडं-विमा, प्रत्येक वस्तूचा आठ आकडी क्रमांक, वर्णन, नग, एकक, अधिसूचनेचा क्रमांक व अनुक्रमांक, हाऊस बिल ऑफ लेडिंगचा (फॉरवर्डरनं दिलेल्या मालपावतीचा) क्रमांक, खोक्यांची संख्या, एकूण वजन. एलसीएलमध्ये शेवटच्या तीन गोष्टी फॉरवर्डरनं मॅनिफेस्टमध्ये भरलेल्याशी तंतोतंत जुळाव्या लागतात. १४ खोके आणि १४ पॅलेट यांतला फरकही काम थांबवतो. दुरुस्त्या सांगून मान्यता मेलवर द्या. पुढे वाद झाला तर हाच मेल तुमच्या हातात असेल.

वेळ फार महत्त्वाची. समुद्रमार्गे कोरियाहून येणाऱ्या मालाचं बिल ऑफ एंट्री जहाज पोचण्याच्या आदल्या दिवशीपर्यंत दाखल व्हायला हवं. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज ५,००० आणि नंतर रोज १०,००० रुपये. जहाजाच्या ३० दिवस आधीही दाखल करता येतं, तेव्हा कागद हातात आले की थांबू नका. दाखल झाल्यावर जोखीम प्रणाली ठरवते की थेट सोडायचं, मूल्यांकन करायचं की माल उघडायचा. ऑक्टोबर २०२० अखेरपासून मूल्यांकन देशभर फेसलेस आहे. न्हावा शेव्याचं तुमचं बिल दुसऱ्याच बंदराचा अधिकारी बघत असेल. त्याच्यासमोर तुमचा माल नसतो, असतो तो फक्त कागद. ‘प्लीज क्लीअर, रेग्युलर आयटम’ असं उत्तर पाठवलं की तो पुन्हा क्वेरी टाकतो आणि दरवेळी एक-दोन दिवस जातात. उत्तरात कॅटलॉगचं नेमकं पान, वस्तूचा छेद दाखवणारं चित्र, शीर्ष निवडण्यामागची विभाग-टीप आणि पैसे पाठवल्याचा पुरावा एकदमच जोडलेला हवा. हे साहित्य माल निघायच्या आधीच ब्रोकरकडे देऊन ठेवा. वर्गीकरणावर मतभेद राहिला आणि माल हवा असेल, तर कलम १८ खाली तात्पुरतं मूल्यांकन मागता येतं. अधिकाऱ्यानं तुमचं म्हणणं नाकारून पुन्हा मूल्यांकन केलं आणि तुम्हाला ते मान्य नसेल, तर १५ दिवसांत कारणांसह आदेश देणं त्याच्यावर बंधनकारक आहे. तो मागून घ्या. त्यावर ६० दिवसांत अपील होतं.

फॉरवर्डरच्या एकरकमी भावाबद्दल. एलसीएलमध्ये तिकडून भाडं स्वस्त सांगून इकडे डीओ, डी-स्टफिंग (कंटेनर रिकामा करणं), हाताळणी अशा नावांखाली वसुली करण्याची रीत आहे. भाडं ठरवतानाच इथल्या सगळ्या आकारांची यादी, प्रति घनमीटर दरासह, लेखी घ्या. क्लीअरिंग वेगळ्या ब्रोकरला दिलं तरी डीओ फॉरवर्डरकडूनच मिळणार, म्हणून ही यादी आधीच हवी. ब्रोकरच्या बिलातही त्याची एजन्सी फी वेगळी आणि सीएफएस, डीओ, मुद्रांक शुल्क, वाहतूक यांचा खर्च वेगळा, तुमच्या कंपनीच्या नावाच्या पावत्यांसह असावा. ‘इतर खर्च’ अशी पावती नसलेली ओळ मान्य करू नका. दोन्ही कामं एकाच फॉरवर्डरकडे देणं चूक नाही, पण क्लीअरिंग नेमकं कोणाच्या परवान्यावर होणार ते विचारा. परवाना दुसऱ्याला वापरायला देणं नियमबाह्य आहे, तरी तसं चालतं, आणि गडबड झाली की कागदावरच्या माणसाला तुम्ही कधी भेटलेल्याच नसता. परवाना क्रमांक घ्या. सही करणाऱ्याकडे सीमाशुल्क खात्याचं एफ किंवा जी कार्ड आहे का ते बघा. एच कार्डवाला मदतनीस असतो, त्याला सही करता येत नाही. ब्रोकर निवडताना विचारण्यासारखा एकच प्रश्न आहे: ‘ओ-रिंग कुठे घालाल आणि का?’ जो कारण सांगेल त्याला काम द्या.

न्हावा शेव्याऐवजी तळेगावच्या आयसीडीला (बंदरापासून दूरच्या सीमाशुल्क कंटेनर केंद्राला) माल आणून इथेच क्लीअर करता येतो का, तेही त्याला विचारा. पूर्ण कंटेनर घेऊ लागलात की तो हिशेब बसू शकतो. छोट्या एलसीएलला बहुधा नाही.

एखादी वस्तू वर्षानुवर्षं मागवणार असाल आणि वर्गीकरण खरंच वादाचं असेल, तर मुंबईच्या सीमाशुल्क अग्रिम निर्णय प्राधिकरणाकडे अर्ज करा. फी १०,००० रुपये, आणि निर्णय कायद्यातल्या मुदतीपर्यंत तुमच्यावर व आयुक्तांवर बंधनकारक. ऑइल सीलसाठी हे करण्यासारखं आहे. माल सुटल्यावर स्वतःला चूक सापडली तर ती झाकू नका; २०२५ च्या वित्त कायद्यानं आणलेल्या कलम १८अ खाली आपणहून दुरुस्ती करता येते.

निर्यातीची तयारी आत्ताच थोडी करून ठेवा. ज्या बंदरातून पाठवणार तिथे बँकेचा एडी कोड (परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या शाखेचा क्रमांक) आइसगेटवर नोंदवावा लागतो. आयजीएसटी न भरता पाठवायचं तर दर आर्थिक वर्षी एलयूटी, म्हणजे हमीपत्र, द्यायचं. भरून परतावा घ्यायचा तर शिपिंग बिलावरचा (निर्यातीच्या घोषणापत्रावरचा) इनव्हॉइस क्रमांक जीएसटीआर-१ या विवरणपत्रातल्याशी अक्षरशः जुळायला हवा. एक तिरपी रेघ जास्त पडली तरी एसबी००५ ही चूक येऊन परतावा अडकतो. शिपिंग लाइननं ईजीएम (निघालेल्या निर्यात मालाची यादी) भरलं नाही की एसबी००२ ही चूक येते. रोडटेप या निर्यात मालावरचे कर परत देणाऱ्या योजनेचा लाभ हवा असेल तर शिपिंग बिलात प्रत्येक वस्तूपुढे तशी घोषणा दाखल करतानाच करायला ब्रोकरला सांगा. आणि आयईसी दरवर्षी एप्रिल ते जून या काळात, बदल काहीच नसला तरी, डीजीएफटीच्या (विदेश व्यापार महासंचालनालयाच्या) पोर्टलवर अद्ययावत करा. विसरलात तर ती निष्क्रिय होते आणि हे कळतं बिल ऑफ एंट्री अडकल्यावर.

या आठवड्यात पुरवठादाराकडून इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट आणि मूळ देशाच्या दाखल्याचे मसुदे मागवा. ते घेऊन दोन ब्रोकरांकडे जा, आणि दोघांकडूनही वर्गीकरणाची ओळीवार यादी मिळाल्यावरच बुसानला माल सोडायला सांगा.